ऑइल बदलायचे, पण इंजिन किती गरम असताना?

मुकुटबनहून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. नाव छापू नका म्हणतो, म्हणून छापत नाही. दोघा मित्रांत मिळून त्याने एक जुनी डिझेल गाडी घेतली आहे. एरवी सीटवर भाडे मारतो, लग्नसराईत वऱ्हाड नेतो. त्याचा प्रश्न असा: "आमच्याकडचे एक मिस्त्री सांगतात, ऑइल सकाळी थंड्या इंजिनावर बदलवा. रात्रभरात सारे ऑइल खाली चेंबरमध्ये येऊन बसते, वर थेंब राहत नाही. दुसरे मिस्त्री सांगतात, गाडी दौडवून आणा आणि गरमागरम काढा, तरच घाण निघते. दोघेही वीस-वीस वर्षांचे जुने. मी कोणाचे ऐकू?"

वाचकहो, हा मोटारवाल्यांचा प्रश्न आहे असे समजून पान उलटू नका. झरी जामणी हा आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. कापूस हे इथले मुख्य पीक. तेवढ्यावर घर चालत नाही हे काय नव्याने सांगायचे? शेजारी वणी भागात वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत, मुकुटबनला २०२२ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाला, पांढरकवड्यावरून मोठा राष्ट्रीय महामार्ग जातो. तेव्हा आपल्या घरांतली मुले आता चाकाच्या धंद्यात आहेत. कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर, कोणी गॅरेजमध्ये पाना धरून उभा. ज्या घरात मुलाचे हात काळे होऊन येतात, त्या घरातल्या आईलाही हा विषय कळला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, तुम्ही कारकून, बी.कॉम. झालेले, खतावणी लिहिणारे, तुम्हाला इंजिनातले काय कळते? कबूल आहे. आम्हाला हे कळले ते एका चुकीमुळे. ती चूक आमची स्वतःची होती, म्हणून आधी तीच सांगतो.

पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. मे महिना होता. नात्यातल्या लग्नाला जायचे म्हणून ओळखीतल्या एकाची गाडी घेतली होती. वणीकडून भर दुपारी निघालो. वाटेत गाडीवाला म्हणाला, "साहेब, ऑइल कधीचं बदलवाचं रायलं आहे. गॅरेज लागलं की दहा मिनिटात करून घेऊ." आम्ही घड्याळ पाहिले आणि म्हणालो, दहा मिनिटे म्हणजे दहाच, अकरा नाही. गॅरेज रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये होते. मिस्त्री दुसऱ्या गाडीत डोके घालून होता. त्याने तेरा वर्षांच्या एका पोराला आवाज दिला, "नट खोल रे, साहेबाले घाई आहे." पोरगा उताणा होऊन गाडीखाली सरकला. इंजिन नुकतेच बंद झालेले. नट सैल करता करता पान्यातून सुटला आणि ऑइलची धार त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आली.

तो ओरडलासुद्धा नाही. हात झटकत बाहेर आला आणि आधी मालकाकडे पाहू लागला, की आता आपल्याला रागावणार. ते पाहणे आम्ही अजून विसरलेलो नाही. मग कोणी हळद आणा म्हणाले, कोणी टूथपेस्ट लावली. आम्हीही तिथेच उभे होतो, आम्हालाही तेव्हा जास्त ठाऊक नव्हते. दवाखान्यात नेले, ड्रेसिंगचे पैसे दिले, दोन-तीनदा भेटूनही आलो. पण पैसे दिल्याने घाई कोणाची होती हे बदलत नाही. ती मालकाची कमी आणि आमची जास्त होती.

त्यानंतर आम्ही जो मिस्त्री भेटेल त्याला हाच प्रश्न विचारू लागलो. गाड्यांसोबत मिळणाऱ्या पुस्तिका वाचल्या. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

प्रथम ऑइलचा स्वभाव. मायबहिणींना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. थंडीत काकवीची बरणी उलटी धरली तरी काकवी खाली उतरायला तयार नसते. तीच बरणी कोमट पाण्यात ठेवली की सरसर वाहते. इंजिन ऑइलचेही तसेच. त्याचा दाटपणा मोजतात, त्या मापाला सेंटिस्टोक म्हणतात. साध्या पाण्याचे माप साधारण १ धरा. जुन्या डिझेल गाड्यांत १५डब्ल्यू-४० या नंबरचे ऑइल फार चालते. त्याचे माप ४० अंश सेल्सिअसला साधारण ११० भरते आणि १०० अंशांना १४-१५ वर येते. म्हणजे सातपटीहून अधिक पातळ. उलट डिसेंबरातल्या सकाळी, पारा बारा-तेरावर असताना, तेच ऑइल ४० अंशांच्या मानाने तिपटीहून जास्त दाट असते. डब्यावरच्या त्या नंबरात जो डब्ल्यू असतो तो इंग्रजीतल्या हिवाळ्याचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला वागणूक सांगतो, नंतरचा आकडा गरम इंजिनातली.

दुसरी गोष्ट घाणीची. ऑइल फक्त वंगणाचे काम करीत नाही, ते इंजिन धूतही असते. डिझेल जळताना काजळी होते, लोखंड झिजून बारीक कीस पडतो, थंड्या इंजिनात थोडे पाणी धरते. ऑइलमध्ये अशी द्रव्ये घातलेली असतात की ती ही काजळी धरून ठेवतात, एका जागी बसू देत नाहीत. म्हणून डिझेल गाडीत नवे ऑइल टाकून चार दिवस झाले की ते काळे दिसते. पुष्कळ लोक त्यावरून दुकानदाराशी भांडतात, नकली माल दिला म्हणतात. काळे होणे म्हणजे ऑइल आपले काम करीत आहे. नकली ऑइल बाजारात येत नाही असे आमचे म्हणणे नाही, पण ते निव्वळ रंगावरून ओळखू येत नाही.

आता गाडी खूप वेळ उभी राहिली, तर त्यातला जड भाग तळाशी बसतो. चेंबरच्या तळात थर धरतो. नट खोलल्यावर वरचे ऑइल वाहून जाते आणि तळातली मळी जागेवर राहते. त्यावर तुम्ही तीन-चारशे रुपये लिटरचे नवे ऑइल ओतता. इंजिन सुरू करताच ती मळी नव्या ऑइलात मिसळते. भांडे न घासता त्यात दूध तापवण्यासारखा हा प्रकार आहे.

तर मग थंड्यावाला मिस्त्री खोटा बोलतो का? नाही. रात्रभरात वरचे ऑइल खाली उतरते हे त्याचे म्हणणे खरे आहे. शिवाय थंड्या इंजिनावर कोणाचा हात भाजत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण दाट ऑइल निघायला वेळ घेते, आणि गॅरेजमध्ये तेवढा वेळ कोणी देत नाही. धार संपून थेंब सुरू झाले की नट लावून मोकळे. गरमवालाही खरे बोलतो, ऑइल पातळ होते, ढवळले जाते, घाण घेऊन निघते. तो एवढेच विसरतो की चालून आलेल्या गाडीतले ऑइल ९० ते ११० अंशांवर असू शकते. पाणी उकळते १०० अंशांना.

त्या पोराच्या हातावरून आम्हाला एक हिशेब कळला तो सांगतो. गरम पाण्याने कातडी किती वेळात खोल भाजते याचे प्रयोग अमेरिकेत झाले आणि १९४७ मध्ये छापले गेले. ५० अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटे लागतात. ६० अंशांना साधारण पाच सेकंद. ७० अंशांना जेमतेम एक सेकंद. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. आणि ऑइल पाण्यासारखे ओघळून जात नाही, चिकटून बसते. ५० आणि ७० मध्ये फक्त वीस अंशांचे अंतर आहे, पण ५० ला हात मागे घ्यायला सवड मिळते आणि ७० ला मिळत नाही.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. थंडीतल्या बारा अंशांपासून ५० अंशांपर्यंत ऑइल आणले की त्याचा दाटपणा सहा-सात पटींनी उतरतो. धार मोकळी पडते. तिथून १०० पर्यंत नेले तर ते आणखी पातळ होईल, पण त्याने वाचणार किती? दोन-चार मिनिटे. आणि त्या दोन-चार मिनिटांसाठी जोखीम किती पटीने वाढते ते वर पाहिलेच. म्हणून आमचे मत, आणि बहुतेक जाणत्या मिस्त्रींचेही हेच मत पडते, की ४० ते ५० अंश, फार तर त्याहून थोडे वर, एवढे कोमट ऑइल बदलायला सर्वांत चांगले. आंघोळीच्या कडक पाण्याएवढे. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेतही असेच असते की इंजिन गरम करून मग ऑइल काढा आणि भाजणार नाही याची काळजी घ्या. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात.

इथे आमच्या मुलखाची एक गंमत आहे. पुस्तिका लिहिणारे बहुधा थंड देशातले. ते लिहितात, इंजिन दहा मिनिटे चालवा. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता. आपल्याकडचा उन्हाळा त्याच जातीचा. मे महिन्यात दुपारी बाहेर उभ्या असलेल्या गाडीतले ऑइल इंजिन सुरू न करताच ४० च्या वर गेलेले असते. तिला दहा मिनिटे दौडवण्याची गरजच नाही. ऑइल ढवळले जावे एवढ्यासाठी दोन-तीन मिनिटे जागेवर चालवली की पुरे. हिवाळ्यात मात्र सकाळी नुसते जागेवर फुरफुर करून भागत नाही, गावाबाहेर चार-पाच किलोमीटर जाऊन यावे.

गाडी लांबून आली असेल तर उलटा मामला. थांबायचे. किती? हिवाळ्यात अर्धा तास, उन्हाळ्यात पाऊण ते एक तास. आपल्या उन्हाळ्यात इंजिन लवकर निवत नाही, कारण बाहेरची हवाच तापलेली असते. चहा घ्या, वर्तमानपत्र वाचा. त्या दिवशी आम्ही एवढे जरी केले असते!

समोरचा काटा पाहून अंदाज करू नका. तो काटा पाण्याचे तापमान दाखवतो, ऑइलचे नव्हे. गाडी सुरू केल्यावर पाणी आधी तापते, ऑइल मागाहून. घरी थर्मामीटर कोण ठेवतो? म्हणून हाताची खूण सांगतो. आधी तळहाताची मागची बाजू चेंबरच्या जवळ न्या, टेकवू नका. आच लागत नसेल तर बोट टेकवा. बोट आपोआप मागे आले तर अजून थांबा. पाच आकडे मोजेपर्यंत निवांत टेकवता आले तर कामाला लागा. सायलेन्सरचा पाइप बहुधा जवळच असतो. त्याच्यापासून हात जपा.

बाकीचे काम माहितीतले आहे, तरी जिथे लोक चुकतात तेवढे सांगतो. गाडी सपाट जागेवर असू द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, मग कोणी कितीही शहाणा सांगो. जॅक बसला की माणूस गेला. खाली मजबूत स्टँड लावा, नाहीतर उंच गाडीला उचलण्याची गरजच नसते. वरचे ऑइल भरण्याचे झाकण आधी सैल करा, म्हणजे हवा आत जाऊन धार सरळ पडेल. नट शेवटच्या आट्यांवर आला की तो आत दाबून फिरवत राहा आणि सगळे आटे सुटले की चटकन बाजूला ओढा. हात धारेच्या खाली नव्हे, बाजूने हवा. धार संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे ठिबकू द्या. तरी थोडे आत राहणारच, त्याने जीव वरखाली करून घेऊ नका. नट लावताना पहिले आटे हाताने बसवा. जुलमाने कसला तर चेंबरचे आटे जातात, मग एम-सील लावून महिने काढावे लागतात. फिल्टरसुद्धा सोबतच बदला. त्यात जुने काळे ऑइल भरून असते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून हातानेच घट्ट करा. नवे ऑइल भरल्यावर मिनिटभर इंजिन चालवा, लाल दिवा विझला पाहिजे. मग बंद करून पाच मिनिटांनी पट्टी काढून माप बघा. वरच्या खुणेच्या पुढे भरणे हेही नुकसानच.

आणि वहीत लिहा. तारीख, किलोमीटर, कोणते ऑइल, किती लिटर. ही आमची कारकुनी सवय म्हणा, पण जुन्या गाडीच्या धंद्यात ज्याची वही नीट त्याचे इंजिन नीट. खाणीच्या आणि कारखान्याच्या रस्त्यावर धूळ फार, खेपा छोट्या, ओझे जास्त. अशा गाडीला पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच ऑइल बदलावे लागते. खरे पाहिले तर थंडे की गरम या वादाने इंजिनाचे जेवढे बिघडते, त्याच्या कितीतरी पट ते वेळेवर न बदलल्याने बिघडते. नव्या पेट्रोल गाड्यांत तर इतके पातळ ऑइल येते की ते सकाळच्या थंडीतही बऱ्यापैकी वाहते. मुकुटबनच्या मित्राने वेळ चुकवू नये, हे आमचे पहिले सांगणे. कोमट इंजिन हे दुसरे.

निघालेले काळे ऑइल लोक काय करतात? बंडीच्या आकाला लावतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, उरलेले नालीत. यातले शेवटचे तर करूच नका. ते मातीतून विहिरीत उतरते आणि थोडेसे ऑइल पुष्कळ पाणी खराब करते. जुन्या डब्यात भरून, झाकण लावून, गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. वापरलेले ऑइल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडते, तसे २०१६ चे नियमही आहेत.

काळ्या ऑइलाने हात धुणारेही आम्ही पाहिले आहेत. पेंट निघतो म्हणे. हे फार वाईट. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या डॉक्टरने दाखवून दिले की धुराडी साफ करणाऱ्यांना एक विशिष्ट कर्करोग होतो, आणि त्याचे मूळ लहानपणापासून अंगाला बसलेल्या काजळीत आहे. धुराड्यात उतरवायला लहान पोरेच घेत, कारण मोठा माणूस मावत नसे. पुढे १९२२ मध्ये मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी सूतगिरणीतल्या कामगारांत तोच रोग नोंदवला. चात्यांना घातलेले तेल उडून त्यांचे कपडे रोज भिजत. आपल्या जिल्ह्याच्या कापसाला हे ऐकून काय वाटेल कोण जाणे! डिझेलच्या काळ्या ऑइलमध्ये तेल आहे आणि काजळीही आहे. एकदा बोट लागले म्हणून काही होत नाही. पण वर्षानुवर्षे रोज माखले, ऑइलने भिजलेले फडके पँटच्या खिशात ठेवले, तर धोका आहे. रबरी हातमोजे वीस-तीस रुपयांना मिळतात. नाहीच मिळाले तर काम झाल्याबरोबर साबणाने हात धुवा. मुलाचे कामाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, हे आयांना सांगणे.

आणि कोणी भाजलेच तर हळद नको, पेस्ट नको, बर्फही नको. ऑइल लागलेला कपडा दूर करा, अंगठी किंवा कडे काढा, आणि नळाखाली किंवा लोट्याने साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडत राहा. वीस मिनिटे फार लांब वाटतात, तरी सोडा. मग स्वच्छ धुतलेल्या फडक्याने सैल झाकून सरकारी दवाखान्यात न्या.

गॅरेज मालकांना एक विनंती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदा साफ आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला बाहेरच्या कामावर ठेवता येत नाही. चौदाच्या पुढचा आणि अठराच्या आतला असेल तर धोक्याचे काम देता येत नाही. ज्या पालकांना वाटते की पोरगा हुनर शिकेल, त्यांनी त्याला दहावी करू द्यावे. आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. तिथे पाना धरायला शिकवतात आणि कागदही मिळतो.

तो पोरगा आता मोठा झाला. गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याच्या गाडीचे ऑइल त्यानेच बदलले. बाही वर सरकवली तेव्हा कोपराकडचा डाग दिसला. आम्ही म्हणालो, गाडी आत्ताच आली आहे, घाई नाही. तो हसला आणि म्हणाला, "काकाजी, मीच सांगणार होतो. बसा, चहा मागवतो."

मुकुटबनच्या मित्राने एअर फिल्टरचेही विचारले आहे. सिमेंटच्या आणि कोळशाच्या धुळीत तो किती दिवस चालवावा, हे पुढच्या अंकात.